‘आधी सवय लावतील, मग बिल पाठवतील’: ब्लेंडरवरच्या त्या मेसेजला उत्तर

थ्रीडी शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो चार ठिकाणांहून आला. त्यातला एक मावसभावाने पाठवलाय, आणि त्याने जन्मात एक्सेलपलीकडे काही उघडलेलं नाही. मजकूर थोडक्यात असा: ब्लेंडर हे थ्रीडी चित्रं आणि अ‍ॅनिमेशन करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, कारण मोठ्या कंपन्यांनी त्यात पैसा ओतलाय. आधी सवय लावतील, मग बिल पाठवतील, फुकटच्या सिमकार्डासारखं. संस्थापकही बाहेर पडला, म्हणजे सौदा ठरलेलाच. शिवाय ते हौशी पोरांनी फावल्या वेळात केलेलं, देणग्या कार्टून काढण्यात जातात, त्यात केलेलं काम विकलं तर कायद्यात अडकाल, आणि मराठीसाठी ही मंडळी काही करणार नाहीत. खाली ‘प्रोफेशनल’ सॉफ्टवेअरच्या कोर्सची लिंक.

लिंक बघूनच सोडून देणार होतो. पण माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने खरोखर विचारलं, “सर, शिकू की नको?” म्हणून हे.

बिलाच्या भीतीपासून सुरुवात करू, कारण बाकी सगळं तिच्याच आधाराने उभं आहे. गंमत अशी की ही भीती ब्लेंडरच्या बाबतीत एकदा खरी झालेली आहे. ब्लेंडर मुळात नेदरलँड्समधल्या निओजिओ नावाच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचं घरगुती हत्यार होतं. ते लिहिणाऱ्या टॉन रोसेंदाल यांनी १९९८ मध्ये नॉट अ नंबर ही कंपनी काढली. प्रोग्रॅम फुकट द्यायचा आणि त्याभोवती धंदा करायचा, असा बेत. गुंतवणूकदार आले, माणसं घेतली, आणि २००२ च्या सुरुवातीला कंपनी बुडाली. हक्क गुंतवणूकदारांकडे. म्हणजे हजारो लोक जे वापरत होते ते कुलूपबंद कपाटात. त्या शेवटच्या दिवसांत कंपनीतल्या लोकांनी जाता जाता प्रोग्रॅममध्ये माकडाचं एक डोकं टाकून ठेवलं. तीच सुझान. आज नव्या पोराला मटेरियल, म्हणजे वस्तूचा रंग-पोत, शिकवताना आपण जे माकड लावतो, ते एका बंद पडणाऱ्या ऑफिसातून आलंय.

ब्लेंडर फाउंडेशन त्यानंतर स्थापन झालं, आणि ते नेमकं याचसाठी. गुंतवणूकदारांनी हक्क सोडायची किंमत सांगितली: १ लाख युरो. १८ जुलै २००२ ला वर्गणी सुरू झाली आणि सात आठवड्यांत, ७ सप्टेंबरला, रक्कम जमल्याचं जाहीर झालं. १३ ऑक्टोबर २००२ ला सगळा सोर्सकोड, म्हणजे प्रोग्रॅम ज्या मजकुराने बनतो तो, जीपीएल परवान्याखाली खुला झाला. हा परवाना कोणालाही प्रोग्रॅम वापरू, बदलू आणि वाटू देतो. ही संस्था कंपनीच्या तावडीतून प्रोग्रॅम सोडवायला काढलेली आहे. मेसेजवाल्याने गोष्ट शेपटीकडून धरलीय.

बरं, मन बदललं तर? समजा उद्या फाउंडेशनलाच हाव सुटली. तरी अडचण अशी की सगळा कोड त्यांच्या एकट्याच्या मालकीचा नाही. ज्याने जो भाग लिहिला त्याचा कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो, फाउंडेशन तो स्वतःच्या नावावर करून घेत नाही. परवाना बदलून ब्लेंडर बंदिस्त करायचं तर जगभर पसरलेल्या, वीसहून जास्त वर्षांत येऊन गेलेल्या लोकांच्या संमत्या लागतील. एखाद्या चाळीचा पुनर्विकास बघितला असेल, तर यातली गोम कळेल. आणि जी आवृत्ती आज तुमच्या मशिनवर आहे, तिचे हक्क मागे घेता येत नाहीत. ती कॉपी करा, पेनड्राइव्हवर वाटा, बदला, कोणी विचारणार नाही.

संस्थापकाचं म्हणाल, तर टॉन यांनी आपण पायउतार होत असल्याचं सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं आणि १ जानेवारी २०२६ पासून सूत्रं फ्रान्चेस्को सिद्दी यांच्याकडे गेली. टॉन पर्यवेक्षक मंडळावर गेले. याला सौदा म्हणत नाहीत, याला रिटायर होणं म्हणतात. शिवाय नेदरलँड्सच्या कायद्याप्रमाणे अशा फाउंडेशनला भागधारकच नसतात. शेअरच नाहीत तर विकणार काय?

आता कंपन्यांचा पैसा. इथे मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, म्हणून जरा थांबून बघू. पैसा येतो, आणि बराच येतो. जुलै २०१९ मध्ये एपिक गेम्सने तीन वर्षांत मिळून १२ लाख डॉलर द्यायचं जाहीर केलं. त्याच वर्षी ग्राफिक्स कार्डं बनवणारी एनव्हिडिया ‘पेट्रन’ या वर्गातली वर्गणीदार म्हणून ब्लेंडरच्या डेव्हलपमेंट फंडात, म्हणजे डेव्हलपरांच्या पगाराच्या पेटीत, आली. तेव्हा त्या वर्गाची वर्गणी वर्षाला किमान १ लाख २० हजार युरो होती, आणि या पैशातून आणखी दोन डेव्हलपर कामावर घेता येतील असं सांगितलं गेलं. मला हा हिशोब फार आवडतो. एवढ्या मोठ्या कंपनीचं नाव, आणि हातात काय आलं, तर दोन माणसांचे पगार. पुढे एएमडी, इंटेल, अ‍ॅपल हेही आले. बाजारात एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या कंपन्या एकाच पेटीत पैसे टाकतायत, त्यामुळे त्यातली कुठलीही एक ब्लेंडर खिशात घालू शकत नाही. शेजारी सामान्य माणसंही दरमहा थोडे थोडे युरो टाकतात.

कंपन्या हे धर्मादाय म्हणून करत नाहीत, हेही खरं. प्रत्येकीला आपल्या कार्डावर, आपल्या चिपवर ब्लेंडर पळायला हवंय. म्हणूनच सायकल्स या रेंडररला, म्हणजे ब्लेंडरमधल्या पक्कं चित्र काढणाऱ्या भागाला, त्या त्या कंपनीच्या कार्डावर पळायची सोय मिळत गेली: ३.० या आवृत्तीत एएमडीचं एचआयपी, ३.१ मध्ये अ‍ॅपलचं मेटल, ३.३ मध्ये इंटेलचं वनएपीआय. यात सगळ्यांचं भलं झालं असंही नाही. ३.० मध्ये ओपनसीएल ही कार्डावर पळायची जुनी सोय काढून टाकली, आणि ज्यांच्याकडे आरएक्स ५८० सारखी जुनी कार्डं होती त्यांचं जीपीयू रेंडरिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चित्र काढणं, गेलं. आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांत ते कार्ड तेव्हा सर्रास होतं. इमारतींच्या एलिव्हेशनचे, म्हणजे दर्शनी बाजूचे, व्ह्यू काढून देणारी मंडळी जुन्याच आवृत्तीवर थांबली. ओपनसीएलमध्ये अडचणी होत्या, तो निर्णय मला पटतो. पण कार्डवाल्या कंपन्यांचे इंजिनियर ज्या कामावर बसतात ते काम लवकर होतं, हे नाकारून उपयोग नाही. मेसेजवाल्याने एवढंच लिहिलं असतं तर मी मान डोलावली असती.

‘हौशी पोरांनी फावल्या वेळात’ या वाक्याचं उत्तर वरच आलं: ते पगार कोणाचे होते? फाउंडेशनच्या पैशातून पूर्ण वेळ काम करणारे डेव्हलपर आहेत. स्वयंसेवकही आहेत, आणि त्यांचं काम तपासून मगच आत घेतलं जातं. एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या, आवृत्त्या २०२० मध्ये २.८३ पासून सुरू झाल्या. प्रत्येकीला दोन वर्षं दुरुस्त्या मिळतात, म्हणजे चालू प्रोजेक्टच्या मध्ये सॉफ्टवेअर बदलायची पाळी येत नाही. हौशी माणूस एवढं धरून बसत नाही. आणि ज्यांना पडद्यावरचा पुरावा लागतो त्यांच्यासाठी: मार्च २०२५ मध्ये उत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा लाटव्हियाचा ‘फ्लो’ ब्लेंडरमध्ये झालाय, तोही ब्लेंडरच्याच ईव्ही या दुसऱ्या रेंडररवर रेंडर केलेला.

कार्टूनचा आरोप मला सगळ्यात जास्त खटकला, कारण बाहेरून बघणाऱ्याला तो अगदी रास्त वाटतो. सॉफ्टवेअरवाल्या संस्थेने फिल्मा कशाला काढायच्या? तर स्वयंपाक्याने आपल्या हातचं जेवून बघावं म्हणून. २००८ च्या ‘बिग बक बनी’त ढब्बू ससा आणि त्याला छळणाऱ्या खारी होत्या, म्हणजे अंगभर केस. ते करता करता ब्लेंडरचे केस आणि फर सुधारले. २०१२ च्या ‘टिअर्स ऑफ स्टील’मध्ये खरी माणसं होती, म्हणून कॅमेरा ट्रॅकिंग (खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल पकडणं) आणि मास्किंगवर (चित्रातला हवा तो भाग वेगळा काढणं) काम झालं. आज लग्नाच्या व्हिडिओत वरातीच्या घोड्यामागे ड्रॅगन उडवणारा आपला पोरगा जे ट्रॅकिंग वापरतो, ते त्या निमित्ताने घासूनपुसून निघालेलं आहे. फिल्मबरोबर तिच्या सगळ्या फाइलीही खुल्या होतात. कॅरेक्टरचं रिग, म्हणजे त्याला हलवणारा सांगाडा, उघडून कुठलं हाड कशाला जोडलंय ते बघता येतं. मी रिगिंग तसंच शिकलो, फी न भरता. आणि पैशाचा हिशोब विचाराल तर ब्लेंडर स्टुडिओचं स्वतःचं वेगळं सबस्क्रिप्शन आहे, फिल्मांचा खर्च मुख्यतः तिकडून निघतो. डेव्हलपमेंट फंड डेव्हलपरांसाठी.

कामाच्या विक्रीचं दोन ओळींत. जीपीएल प्रोग्रॅमला लागू आहे, तुम्ही केलेल्या चित्राला, मॉडेलला, व्हिडिओला नाही. विका, पावती फाडा, जीएसटी भरा. ब्लेंडरसाठी अ‍ॅड-ऑन, म्हणजे त्याला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लिहून विकलात तर मात्र तो जीपीएलशी जुळणाऱ्या परवान्याने द्यावा लागतो. उलट सावध राहायचं ते ब्लेंडरचंच नाव बदलून पैसे घेणाऱ्यांपासून. ते बेकायदा नाही, पण जे फुकट मिळतं त्याचे पैसे का द्यायचे?

राहिला मराठीचा मुद्दा. इथे मी मेसेजवाल्याशी भांडणार नाही. ब्लेंडरच्या टेक्स्टमध्ये देवनागरी गेली कित्येक वर्षं मोडकीच उमटत आलीय. ‘शुभविवाह’ टाइप करा. ‘वि’ची पहिली वेलांटी स्वतःच्या ‘व’च्या आधी यायची सोडून नंतर येते आणि पुढच्याच्या डोक्यावर जाऊन बसते. ‘ज्ञानेश्वर’मधला ‘ज्ञ’ फुटतो, पायमोडका ‘ज्’ आणि शेजारी ‘ञ’. अक्षरं जोडण्याचं ते काम किचकट आहे, आणि त्यासाठी अजून कुठल्या कंपनीने दोन माणसांचे पगार दिलेले नाहीत. पण बग नोंदवायची जागा उघडी आहे, चर्चा वाचता येते, कोड दिसतो. आपल्याकडे सी++ ही प्रोग्रॅमिंगची भाषा येणारी पोरं कमी नाहीत.

त्या मुलीला मी सध्याचा मार्ग दाखवला. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये अक्षरं लिहायची, तिथेच ऑब्जेक्ट टू पाथ करायचं, म्हणजे अक्षरांचे आकार करायचे, एसव्हीजी फाइल सेव्ह करून ब्लेंडरमध्ये आणायची आणि एक्स्ट्रूड, म्हणजे जाडी, द्यायची. आणल्यावर अक्षरं इतकी बारीक येतात की आधी दिसतच नाहीत, मोठी करून घ्यावी लागतात. तिने पत्रिकेच्या व्हिडिओसाठी सोनेरी ‘शुभविवाह’ केलं. वेलांटी जागेवर होती.