विषय जुळला, दिशेचं काय?

'वाक्यांचा अर्थ आकड्यांत उतरवला की प्रश्नावलीतली विधानं आपोआप योग्य गटात जातात, तज्ज्ञ बसवायची गरज नाही,' हे लेखातलं वाक्य पटलं नाही. गट पडतात, नाही असं नाही. पण एमएच्या प्रबंधासाठी मी आयपीआयपीतली (बिग फाइव्ह, म्हणजे व्यक्तिमत्त्वाचे पाच मुख्य पैलू, मोजायला वापरतात तो ३,००० हून जास्त विधानांचा खुला साठा) बहिर्मुखतेची काही विधानं मराठीत आणून अशा, अर्थ आकड्यांत उतरवणाऱ्या संगणकी मॉडेलला दिली होती. 'मी फारसं बोलत नाही' आणि 'समारंभात मी बऱ्याच जणांशी बोलतो' ही त्यानं अगदी शेजारीशेजारी बसवली. विषय एकच, कबूल. पण पहिल्याचे गुण उलटे मोजायचे असतात, हे कोण सांगणार? तशीच बेरीज केली असती तर अबोल आणि बडबड्या दोघांनाही सारखेच गुण! शेवटी उलटी विधानं वही घेऊन हातानंच वेगळी काढली.

दुसरी गंमत चिंतेच्या विधानांची. 'जीव घाबराघुबरा होतो' हे मॉडेलनं थेट शारीरिक तक्रारींत टाकलं. आधी हसू आलं, मग आईला विचारलं. ती म्हणाली, "उन्हातून आलं की होतो, आणि तुला यायला उशीर झाला तरी होतो." आता ठरवा गट! मी ते विधानच बदलून टाकलं. पाच-सहाशे विधानांची पहिली चाळणी करायला मशीन झकास आहे, माझे दोन आठवडे वाचले. पण तज्ज्ञांना घरी पाठवायची घाई नको.