खुलासा : ‘अरायव्हल’मधली भाषा आणि ‘सिद्ध झालेलं’ विज्ञान

परग्रहवासीयांची भाषा शिकून भाषातज्ज्ञ नायिका लुईझला भविष्य दिसू लागतं आणि भाषेने मेंदू असा बदलतो हे विज्ञानाने सिद्ध केलंय, असा मजकूर ‘अरायव्हल’ (2016) चित्रपटाच्या नावाने फिरतोय. असं काहीही सिद्ध झालेलं नाही.

भाषेचा परिणाम होतो, पण बेताचा. 2007च्या एका प्रयोगात गडद आणि फिक्या निळ्याला वेगळे शब्द वापरणाऱ्या रशियन भाषकांनी त्या छटांमधला फरक सेकंदाच्या अंशाने लवकर ओळखला. मनात आकडे घोकायला लावल्यावर ही आघाडीही गेली.

टेड च्यांग यांची मूळ कथा, ‘स्टोरी ऑफ युअर लाइफ’ (1998), जास्त काटेकोर आहे. तिथल्या परग्रहवासीयांच्या, म्हणजे हेप्टापॉडांच्या, लिपीत एकच रेघ अनेक उपवाक्यांतून फिरते. म्हणून पहिली रेघ ओढण्याआधीच अख्खं वाक्य ठरलेलं लागतं. जोडीला फर्माचं तत्त्व आहे: पाण्यात प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो आणि किरण कमीत कमी वेळाच्या वाटेने वळतो, जणू मुक्काम आधीच ठाऊक असावा. भौतिकशास्त्र एकच, पण ते कारणाकडून परिणामाकडे वाचता येतं किंवा सगळं एकदम. लुईझ हे दुसरं वाचन शिकते, आणि कथेचं खरं बळ इथेच आहे.

भविष्यातून कळलेल्या माहितीवर लुईझने चिनी जनरलला केलेला फोन ही चित्रपटाची भर. चित्रपटात लुईझची मुलगी किशोरवयात आजाराने जाते, कथेत पंचविसाव्या वर्षी गिर्यारोहणातल्या अपघातात. अपघात टाळता येण्यासारखा असतो, तरी लुईझ टाळायला जात नाही. बदललेली असते ती तिची इच्छा.