कोरडं डोकं पाहिजे

स्थितिक विद्युत हा धडा ज्याने आमच्या वाट्याला पावसाळ्यात आणला, त्याला श्रावणातल्या रिमझिमीत आमच्या वर्गात उभं करून हातात कंगवा द्यावा, एवढीच माझी मागणी आहे.

प्रयोग म्हणायला सोपा. प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांवर घासायचा. केसांतले इलेक्ट्रॉन कंगव्यावर जातात, कंगवा ऋण प्रभारित होतो आणि कागदाचे कपटे उड्या मारत त्याला चिकटतात. यातला ‘कोरडे केस’ हा ऐवज खान्देशातल्या सातवीच्या वर्गात मिळत नाही. पोराच्या डोक्यावर पळीभर तेल थापल्याशिवाय इथली माय त्याला शाळेत धाडत नाही. ज्याला पुढे बोलावलं तो आधीच म्हणाला, “सर, मना डोकाले तेल शे.” माझ्या डोक्याला तेल नसतं, पण केसही नसतात.

त्यात मागच्या बाकावर केंद्रप्रमुख वही उघडून बसलेले. दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि जमलेला प्रभार त्यातून निसटून जातो. हे मला ठाऊक, पण वहीला कोण सांगणार? कंगवा घासघासून मनगट गेलं. कपटे ढिम्म. पहिल्या बाकावरून निदान आलं, “सर, कागद झोपी गयात!”

फुगा भिंतीला लावला. भिंतीचा चुना अंगाला माखून तो सरळ साहेबांच्या वहीवर उतरला. नळाची बारीक धार कंगव्याने वाकते, तेही दाखवलं असतं. पण त्या दिवशी नळाची पाळी नव्हती. राहिला सुवर्णपत्र विद्युतदर्शी, म्हणजे प्रभार जवळ आला की आतली सोन्याची पानं फाकतात ती बाटली. सुवर्णनगरी जळगावच्या जिल्ह्यात असून आमच्या बाटलीत बिस्किटाच्या पुड्याची चांदी लोंबते. तीही हलली नाही.

इसवी सनापूर्वी सहाशेच्या सुमारास ग्रीक तत्त्वज्ञ थेल्सने अंबर, म्हणजे झाडाची दगड झालेली राळ, घासून हलक्या वस्तू ओढून दाखवल्या म्हणतात. दाखवल्या असतील. त्याच्या मागे केंद्रप्रमुख नव्हते.

धडा उन्हाळ्यात घेऊ, असं मी सुचवलं. मुख्याध्यापक म्हणाले, “उन्हाळ्यात सुटी असते, सर.”

आणि विजेला नेमकी तेव्हाच सवड! मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर, हवा पापडासारखी कोरडी. भाच्याच्या लग्नात पॉलिस्टरची पँट घालून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलो होतो. मुलीकडचे एक बुजुर्ग टॉवेल-टोपी द्यायला आले. मी उठून हात पुढे केला आणि चट्‌! हवेतून मिलिमीटरभर ठिणगी उडायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात, ते आम्हा दोघांत विनाकंगवा जमले होते. मी हात झटकला. इलेक्ट्रॉनचं सगळं समजावून सांगणार तोच बुजुर्ग मागे वळून ओरडले, “अरे, मामा रुसनात! मोठा टॉवेल आना!”