फुफ्फुसांना धुराची ‘सवय’ होत नाही
‘रोज धूर-धूळ खाणाऱ्यांची फुफ्फुसं कणखर होतात, प्रतिकारशक्ती वाढते’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. खोकला कमी झाला म्हणजे शरीर तयार झालं, असं मुळीच नाही.

मोठी धूळ नाकातच अडते किंवा श्वासनलिकेतल्या चिकट स्रावात अडकून बाहेर ढकलली जाते. पण २.५ मायक्रोमीटरहून लहान कण थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत पोचतात. तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी पहाऱ्यावर असतात. त्या जंतू गिळून पचवतात. काजळी मात्र गिळता येते, पचत नाही! ती पेशीत काळ्या ठिपक्यांसारखी साचून राहते.

कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये ८४ मृत अवयवदात्यांच्या लसिकाग्रंथी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी जिथे जमतात त्या छोट्या गाठी तपासल्या. वय वाढेल तशा फुफ्फुसांजवळच्या ग्रंथी काळवंडत गेल्या होत्या. आतड्याजवळच्या मात्र स्वच्छ. काजळीने भरलेल्या मॅक्रोफेजची कण गिळण्याची क्षमताही घटली होती.

लस शरीराला जंतूची ओळख पटवते, म्हणून फायदा होतो. काजळीची ओळख पटवून करायचं काय? ‘प्रदूषण म्हणजे नैसर्गिक लस’ ही त्या मेसेजमधली ओळ तर निव्वळ थाप आहे.