असली कामं आपल्यात करत नाहीत

परवा माझ्या दहा वर्षांच्या लेकीनं बीव्हर, म्हणजे तळ्यात घर बांधणारा, झाडं कुरतडणारा प्राणी, सोलला. अख्खा नाही, पोटाकडचा तळहाताएवढा भाग. तेवढ्यातही तिच्या सुरीनं कातड्याला एक भोक पाडलं. ती रडवेली झाली. शेजारी बसलेल्या आजींनी भोक निरखून बघितलं, सुई-दोरा मागवला, दोन टाके घातले आणि सुरी परत तिच्याच हातात दिली.

आम्ही यलोनाइफला राहतो. कॅनडाच्या उत्तरेला, ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या काठी. हा डेने या मूळनिवासी लोकांचा मुलूख. मुलांना सापळे लावायला आणि फर तयार करायला शिकवण्यासाठी इथलं सरकार शाळांना पैसे देतं. लेकीच्या वर्गाचं तसलंच शिबिर होतं, शिकवायला इथले आजी-आजोबा होते, आणि पालक म्हणून मीही मदतीला गेले होते. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत आत्याचा मेसेज आला, "पोरीला खाटीक करायलायस काय?" आणि त्याखाली आणखी एक, "असली कामं आपल्यात करत नाहीत."

पहिल्या वाक्याचं मला काही वाटलं नाही. दुसरं मात्र दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे लिहितेय.

आधी तिथं काय झालं ते सांगते. उणे अठ्ठावीस तापमान. गोठलेल्या तळ्यावर बीव्हरच्या घराचा ढिगारा, फांद्या आणि चिखलाचा. आजोबांनी पहारीनं बर्फ फोडला, आणि भोकात साचलेला बर्फाचा चुरा मुलांनी झाऱ्यासारख्या मोठ्या चमच्यानं काढला. मग सुकलेल्या स्प्रूसच्या दांड्याला सापळा बांधला आणि आमिष म्हणून पॉप्लरची ओली फांदी लावली. दांडा सुकलेलाच का, हे पोरांना विचारलं गेलं. उत्तर माझ्या लेकीला आलं नाही, एका मुलाला आलं: ओला असेल तर बीव्हर दांडाच खाऊन टाकेल. सापळ्याला पोरांनी हात लावायचा नाही, त्याची स्प्रिंग मोठ्या माणसाचंही मनगट मोडेल. ते काम आजोबांचं. पाण्यात सोडायच्या आधी त्यांनी चिमूटभर तंबाखू पाण्याला वाहिली. आपण नदीला नारळ वाहतो, तसंच.

दुसऱ्या दिवशी बीव्हर वर आला. दात गर्द नारिंगी. त्यात लोह असतं, म्हणून तो रंग आणि म्हणूनच ती ताकद. मुलांनी आधी त्याची फर पुसून, विंचरून कोरडी केली. वरचे केस राठ, लांब. ते बाजूला सारले की खाली बोट बुडेल अशी दाट मऊ लव. याच लवेपासून युरोपात टोप्या बनायच्या, आणि तिच्याच व्यापारासाठी १६७० साली हडसन्स बे कंपनी निघाली. हनुवटीपासून शेपटीपर्यंत एक चीर, आणि मग चरबीपासून कातडं सोडवत जायचं. बीव्हरची चरबी कातड्याला घट्ट धरून असते. ओढून निघत नाही, इंच-इंच सुरी चालवावी लागते. मग कातडं वाळुंजाच्या फांदीच्या रिंगणात दोरीनं चौफेर ताणायचं. मांस शिजलं. शेपूट विस्तवावर धरली, वरची खवल्यांची साल फुगून सुटली, आतला चरबीदार भाग आजींनी पोरांना वाटला. हाडं कुत्र्यांना टाकायची नाहीत. ती गोळा करून परत तळ्यात सोडली.

"मुलांना क्रौर्य शिकवतात" असं म्हणणाऱ्यांनी ते दोन दिवस बघायला हवे होते. माझ्या लेकीनं आयुष्यात पहिल्यांदा ताटात काही टाकलं नाही.

आता जे मलाही टोचतं, ते. सापळ्यांचे नियम आहेत. कॅनडा, रशिया आणि युरोपीय संघ यांच्यात १९९७ साली करार झाला. मारणारा सापळा असेल तर मार्टेन हे मुंगसासारखं छोटं जनावर १२० सेकंदांत आणि बीव्हरसारखं मोठं जनावर ३०० सेकंदांत बेशुद्ध व्हायला हवं. ३०० सेकंद म्हणजे पाच मिनिटं. ती थोडी नाहीत आणि मी त्यांना थोडी म्हणणार नाही. पिंजऱ्यात मिंक, म्हणजे तसंच एक छोटं जनावर, वाढवून फर काढणाऱ्या फार्मांचंही मी समर्थन करत नाही. २०२० साली कोरोनाच्या भीतीनं डेन्मार्कनं सुमारे दीड कोटी मिंक मारले. तो धंदा आणि तळ्यावरची आजी यांना एकाच शब्दात बसवू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. युरोपनं १९८३ साली सीलच्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी आणली. आमच्याही उत्तरेला राहणारे इनुइट मोठे सील मारतात, खातात. पण बाजार सगळ्याच सीलचा पडला आणि त्यांचे संसार उघड्यावर पडले. सीलच्या शिकारीविरुद्धच्या मोहिमेत पुढे असलेल्या ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेच्या कॅनडा शाखेनं २०१४ साली इनुइट लोकांची जाहीर माफी मागितली.

आणि आजींची गोष्ट. त्यांना सहाव्या वर्षी घरातून उचलून निवासी शाळेत नेलं होतं. मूळनिवासी मुलांना आपली भाषा आणि रीत विसरायला लावण्यासाठी या शाळा होत्या, आणि कॅनडात अशी दीड लाखांहून जास्त मुलं नेली गेली. स्वतःची भाषा बोललं की मार. सापळ्यांचा हंगाम हिवाळ्याचा, आणि हिवाळाभर त्या शाळेत. सुरी धरायला त्या शिकल्या ते मोठेपणी, मावशीकडून. आता नातीला शिकवतायत, आणि नातीच्या मैत्रिणीलाही. मी कोण त्यांना नको म्हणणार?

आता आत्याच्या वाक्याकडे येते. आमचं घर कोल्हापूरचं. रविवारी पांढरा रस्सा झाला नाही तर आत्याचं डोकं दुखतं. म्हणजे जीव मारण्याला तिची हरकत नाही. हरकत आहे ती हात घालण्याला. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याची चप्पल आम्ही पिढ्यान्‌पिढ्या अभिमानानं घातली. लहानपणी, जिथं कातडी कमावत त्या जवाहरनगरच्या बाजूनं जाताना मात्र नाकाला रुमाल लावायला मला याच आत्यानं शिकवलं. चप्पल आमची शान, आणि ती ज्या कातड्यातून येते ते कमावणारा माणूस गावाबाहेर. त्याच्या हाताचं पाणीसुद्धा चालत नव्हतं. इथं चरबी खरवडणाऱ्या बाईसमोर सगळा वर्ग मांडी घालून बसतो, तिच्या हातचं खातो, तिला आजी म्हणतो. हे बघताना मला लाज वाटली. आपल्या घराची, आणि त्या रुमालाचीही.

काहींनी विचारलं, मग भारतातही मुलांना हे शिकवायचं का? नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे शिकार बंद आहे आणि जंगल किती उरलंय बघता ती बंदच असावी. पण फासेपारध्यांच्या पोरांना बापाकडून मिळणारं जे ज्ञान होतं, कुठला पक्षी कुठल्या वेळी कुठं उतरतो ते, त्याला आपण काय किंमत दिली? १८७१पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली इंग्रजांनी त्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. १९५२ साली तो शिक्का कागदावरून गेला. गावात चोरी झाली की आजही पहिली झडती कुणाच्या पालावर पडते, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

लेकीचं कातडं सध्या आजींच्या पडवीत रिंगणावर वाळतंय. शाळा सुटली की ती रोज जाऊन कडेला बोट दाबून बघते, कडक झालं का. टाक्यांची जागा तिनं मला दोनदा दाखवली. रविवारी ते रिंगणातून काढायचं आहे आणि आजींनी तिला सकाळी नऊला बोलावलंय. आत्यालाही व्हिडिओ कॉल लावणार आहे म्हणते. मी तिला अडवणार नाही.