‘ऑब्जकॉपी म्हणजे सीपीच’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज ढकलला. खाली एवढंच लिहिलं होतं, “मामा, हे बरोबर आहे का जी?” तो इथेच नागपुरात इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि हा मेसेज त्यांच्या प्रोजेक्टच्या, प्लेसमेंटच्या, होस्टेलच्या अशा सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत पंपांच्या कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये राहणारा प्रोग्राम, लिहितो. दोन दिवसांनी तोच मेसेज आमच्या ऑफिसच्या ग्रुपवरही आला, वर “उपयुक्त माहिती, सेव्ह करून ठेवा” अशी शिफारस. मग मात्र लिहायला बसलो.

मेसेज आहे कंपाइल झालेल्या फाईलींवर चालणाऱ्या दोन कमांडबद्दल, ऑब्जकॉपी आणि स्ट्रिप. ऑब्जकॉपी अशा फाईलीची हवी तशी बदललेली नक्कल काढते, स्ट्रिप तिच्यातली नावं आणि जादा नोंदी काढून टाकते. दोन्ही ग्नू बिनयुटिल्स या अवजारांच्या पेटीतल्या. सहा दावे आहेत आणि प्रत्येकासमोर हिरवी टिचकी. दावे जसेच्या तसे देतो आणि खाली माझं म्हणणं.

दावा पहिला: “ऑब्जकॉपी म्हणजे सीपीच, फक्त ऑब्जेक्ट फाईलसाठी.”

नावामुळे असं वाटणारच, त्यात पोट्ट्यांचा दोष नाही. पण सीपी, म्हणजे फाईलची नक्कल काढणारी नेहमीची कमांड, फाईलच्या आत काय आहे ते बघतच नाही. फोटो असो, गाणं असो, बाइट उचलायचे आणि दुसरीकडे ठेवायचे. ऑब्जकॉपी आधी फाईल वाचते, तिच्यातले सेक्शन (कोड, डेटा असे कप्पे), सिम्बॉल टेबल (फंक्शन आणि व्हेरिएबलांच्या नावांची यादी), रिलोकेशन (जोडताना दुरुस्त करायच्या पत्त्यांच्या नोंदी) सगळं समजून घेते आणि मग नव्याने फाईल लिहिते. तिला साधा फोटो दिला तर “हा फॉरमॅट ओळखीचा नाही” म्हणून परत पाठवते. इनपुट कच्चे बाइट आहेत असं स्पष्ट सांगितलं तरच घेते. कोणताही पर्याय न देता नुसती नक्कल काढली, तरी मूळ आणि नक्कल बाइटला बाइट जुळेल याची खात्री नाही.

हा फरक पुस्तकी नाही. सीपीला एकच नाव दिलं तर ती तक्रार करते, कुठे ठेवू ते सांगा म्हणते. ऑब्जकॉपीला एकच नाव दिलं तर ती गुपचूप मूळ फाईलवरच लिहून मोकळी होते. सीपी समजून वापरणाऱ्याची पहिली फाईल इथेच जाते.

दुसरा सापळा त्याहून बेरकी. स्ट्रिप आणि ऑब्जकॉपी एकाच सोर्स फाईलमधून तयार होतात, म्हणजे सख्ख्या बहिणीच. तरी ऑब्जकॉपीला मोठं एस (-S) हा पर्याय दिला तर ती सगळे सिम्बॉल काढते, आणि स्ट्रिपला तेच मोठं एस दिलं तर फक्त डीबग माहिती, म्हणजे कोणता कोड सोर्सच्या कोणत्या ओळीतून आला अशा नोंदी, काढते. हे मी स्वतः दोनदा चुकलो आहे, म्हणून आमच्या मेकफाईलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाईलमध्ये) पर्यायांची पूर्ण नावंच लिहायची असा नियम आहे.

दावा दुसरा: “स्ट्रिप केलं की प्रोग्राम वेगाने पळतो आणि रॅम वाचते.”

याचा निकाल लावायला वाद लागत नाही, साइज नावाची कमांड लागते. तीही त्याच पेटीतली. स्ट्रिपच्या आधी चालवा, नंतर चालवा. टेक्स्ट (कोड), डेटा (किंमत दिलेले व्हेरिएबल), बीएसएस (शून्यापासून सुरू होणारे व्हेरिएबल) हे तिन्ही आकडे तेच येतील. कमी होतो तो एलएस या फाईलींची यादी देणाऱ्या कमांडमध्ये दिसणारा फाईलचा आकार.

कारण असं की एल्फ (कंपाइल झालेल्या फाईलींचा इथला नेहमीचा फॉरमॅट) फाईलमधल्या प्रत्येक सेक्शनवर एक खूण असते: हा मेमरीत न्यायचा की नाही. ड्वार्फ नावाच्या फॉरमॅटमधली डीबग माहिती आणि नेहमीचं सिम्बॉल टेबल यांच्यावर ती खूण नसतेच. प्रोग्राम सुरू होताना ते डिस्कवरच पडून राहतात. जे मेमरीत जातच नव्हतं ते काढून मेमरी कशी वाचणार? आणि प्रोसेसरने चालवायच्या सूचनांना तर स्ट्रिप हातही लावत नाही, मग वेग कुठून येणार?

स्ट्रिप निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हणत नाही. डाउनलोड लहान होतं, डिस्क वाचते, एम्बेडेड लिनक्सच्या छोट्या रूट फाईलसिस्टिमला तर ती लागतेच. पण कोडच कमी करायचा असेल तर तो कंपाइल आणि लिंक करताना करायचा: प्रत्येक फंक्शनला वेगळा सेक्शन द्या आणि न वापरलेले सेक्शन लिंकरला (तुकडे जोडून प्रोग्राम बनवणाऱ्या अवजाराला) गाळायला सांगा. तेव्हा साइजचे आकडे खरोखर उतरतात.

दावा तिसरा: “स्ट्रिप केलेल्या फाईलमधलं कुणीच काही वाचू शकत नाही. पासवर्ड कोडमध्ये ठेवला तरी सुरक्षित.”

हा दावा वाचून कपाळावर हात मारला. स्ट्रिप काय काढते? पाट्या, म्हणजे नावं. घरं तिथेच असतात. स्ट्रिप केलेल्या फाईलवर स्ट्रिंग्ज ही आतला वाचता येणारा मजकूर दाखवणारी कमांड चालवा, पासवर्ड समोर उभा राहील, कारण तो सिम्बॉल नाही, तो प्रोग्रामचा डेटा आहे. तो काढला तर प्रोग्रामच चालणार नाही.

सगळ्या पाट्याही जात नाहीत. एनएम ही सिम्बॉलांची यादी देणारी कमांड स्ट्रिप केलेल्या फाईलवर “सिम्बॉल नाहीत” म्हणते आणि लोक खूश होतात. तिलाच मोठं डी (-D) देऊन पुन्हा विचारा. शेअर्ड लायब्ररीतून मागवलेल्या फंक्शनांची यादी हजर, कारण डायनॅमिक लिंकरला ती चालवतानाच लागते. गो भाषेतल्या प्रोग्रामात तर स्ट्रिप केल्यावरही फंक्शनांची नावं उरतात, स्टॅक ट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती साखळी) छापायला तिच्या रनटाइमला ती हवी असतात. आणि २०१९ पासून अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने बनवलेलं घिद्रा हे अवजार कुणालाही फुकट मिळतं. ते नावं नसलेल्या मशीन कोडवरूनही सी भाषेसारखा मजकूर उभा करतं.

मायक्रोकंट्रोलरमधला कोड बाहेरून कुणी वाचू नये असं वाटत असेल तर कुलूप चिपमध्ये असतं: एसटीएम३२ चिपांमध्ये रीडआउट प्रोटेक्शन, एव्हीआर चिपांमध्ये लॉक बिट. स्ट्रिपचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

दावा चौथा: “ऑब्जकॉपीत आउटपुट फॉरमॅट एआरएमचा दिला की पीसीवरचा प्रोग्राम एआरएम बोर्डावर चालतो.”

नाही चालत. ऑब्जकॉपी पाकीट बदलते, पत्राची भाषा नाही. पीसीच्या एक्स८६ प्रोसेसरच्या सूचना एआरएमचं नाव लावलेल्या फाईलमध्ये गेल्या तरी त्या एक्स८६ च्याच. एआरएमसाठी सोर्स पुन्हा कंपाइल करावा लागतो.

दावा पाचवा: “बिन आणि हेक्स एकच. लहान असते म्हणून बिनच वापरा.”

बिन आणि हेक्स हे फर्मवेअर चिपमध्ये उतरवायच्या फाईलींचे दोन प्रकार. इथे थांबून सांगावं लागेल, कारण कामाच्या ठिकाणी सगळ्यात जास्त वेळ याच गैरसमजात जातो.

इंटेल हेक्स ही मजकुराची फाईल. प्रत्येक ओळ कोलनने (:) सुरू होते, मग किती बाइट, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या प्रकारची नोंद, मग डेटा आणि शेवटी चेकसम (ओळ बरोबर आहे का ते तपासायचा आकडा). शेवटची ओळ ठरलेली, :०००००००१एफएफ. सोळा बाइट डेटासाठी ओळ संपवणाऱ्या खुणांसह ४५ अक्षरं जातात, म्हणून फाईल पावणेतीन पटींहून थोडी मोठी दिसते. त्यावरून “६० केबीची हेक्स आहे, ३२ केबी फ्लॅशच्या एटीमेगा३२८पी मध्ये मावणार नाही” असं म्हणणारे मला दरवर्षी भेटतात. मावते. आत जाणारा माल साधारण २१ केबीचाच असतो.

बिनमध्ये पत्ता नसतो. सेक्शनांपैकी सगळ्यात खालच्या लोड पत्त्यापासून (चिपमध्ये जिथे ठेवायचं तो पत्ता) सुरुवात करून बाइट सलग ओतलेले असतात, बस्स. ही फाईल चिपमध्ये कुठे ठेवायची ते बर्न करणाऱ्याने सांगायचं. एसटीएम३२ वर तो पत्ता बहुतेकदा हेक्साडेसिमल (सोळाच्या पटीत मोजलेला) ०८०००००० असतो. चुकीचा पत्ता सांगितला तर फाईल काही बोलणार नाही, कारण तिला माहीतच नाही. हेक्स बोलते.

सलग ओतण्याची दुसरी गंमत म्हणजे मधली रिकामी जागाही भरली जाते. आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलाने एकदा घाबरून हाक मारली. एल्फमधला कोड मोजून १८ केबीचा आणि बिन ३८४ एमबीची. फाईल बघायच्या आधीच मी त्याला म्हटलं, लिंकर स्क्रिप्ट (कोणता सेक्शन कोणत्या पत्त्यावर ते सांगणारी फाईल) उघड. फ्लॅश सुरू होते ०८०००००० ला, रॅम २००००००० ला, दोन्ही हेक्साडेसिमलमध्ये. दोघांमधलं अंतर हेक्साडेसिमल १८००००००, म्हणजे ४०,२६,५३,१८४ बाइट, बरोबर ३८४ एमबी. त्याच्या स्क्रिप्टमध्ये डेटा सेक्शनचा लोड पत्ता द्यायचा राहिला होता. मग ऑब्जकॉपीने फ्लॅशपासून रॅमपर्यंतचं सगळं अंतर शून्यांनी भरून दिलं. तिने सांगितलं तेच केलं.

डेटा सेक्शनला दोन पत्ते असतात हे मी त्याला बाजाराच्या भाषेत सांगितलं. माल उतरतो कळमन्याच्या गोदामात, विकला जातो इतवारीच्या दुकानात. लोड पत्ता म्हणजे गोदाम, चालतानाचा पत्ता म्हणजे दुकान. सकाळी माल वाहून नेणारा हमाल म्हणजे स्टार्टअप कोड, तो मेन सुरू व्हायच्या आधी फ्लॅशमधला डेटा रॅममध्ये नेऊन ठेवतो. बीएसएस म्हणजे दुकानातली रिकामी फडताळं. त्यांच्यासाठी गोदामात काही ठेवावं लागत नाही, हमाल फक्त ती पुसून काढतो, म्हणून बिनमध्ये बीएसएस नसतोच. स्क्रिप्ट दुरुस्त केल्यावर बिन १८ केबीच्या आसपास आली. त्याने आधी शोधलेला उपाय होता रॅमचा सेक्शन ऑब्जकॉपीनेच उडवून टाकायचा. तसं केलं असतं तर फाईल लहान झाली असती आणि किंमत देऊन ठेवलेल्या प्रत्येक ग्लोबल व्हेरिएबलची चिपमधली सुरुवातीची किंमत कचरा निघाली असती.

अशाच अंतराची एव्हीआरची आवृत्तीही आहे. तिथे ईईप्रॉमचा (वीज गेली तरी टिकणाऱ्या छोट्या मेमरीचा) डेटा एल्फमध्ये हेक्साडेसिमल ८१०००० या कृत्रिम पत्त्यावर ठेवतात, म्हणून जुन्या मेकफाईलींत हेक्स बनवताना ईईप्रॉमचा सेक्शन वगळायचा पर्याय असतो. “ही ओळ कशाला?” म्हणून ती पुसणारे असतात, आणि मग बर्नर पत्ता हद्दीबाहेर आहे म्हणून ओरडतो.

दावा सहावा: “रिलीज आधी सगळ्या फाईलींवर स्ट्रिप चालवा. मूळ फाईल ठेवायची गरज नाही.”

“सगळ्या” हा शब्द महाग आहे. स्टॅटिक लायब्ररीवर पूर्ण स्ट्रिप चालवली तर तिच्यातली नावंच जातात आणि लिंकरला जोडायला काही सापडत नाही. तिथे फार तर डीबग माहिती काढायची. लिनक्स कर्नलच्या मॉड्यूलचंही तसंच, म्हणून कर्नलचा स्वतःचा इन्स्टॉल पर्यायही फक्त डीबगच काढतो. मॉड्यूलवर सही केलेली असेल तर तेही नाही, कारण सही एल्फच्या बाहेर, फाईलच्या शेपटीला चिकटवलेली असते. स्ट्रिप फाईल नव्याने लिहिताना ती शेपूट मागेच राहते.

आता “मूळ फाईल ठेवायची गरज नाही” याबद्दल. हे वाक्य मी एकदा पाळलं आहे, मेसेज यायच्या कितीतरी आधी.

मे महिना, काटोलकडचा संत्र्याचा बगीचा, पंप दिवसातून दोनदा आपोआप बंद. आमचा कंट्रोलर बिघडला की प्रोग्राम कोणत्या पत्त्यावर अडकला तो आकडा जपून ठेवतो. शेतकऱ्याने पडद्याचा फोटो पाठवला. असा आकडा हाती असताना काम पाच मिनिटांचं: डीबग माहिती असलेली एल्फ आणि तो पत्ता अ‍ॅडर२लाइनला द्या, ती सोर्सची ओळ सांगते. पण आमच्या रिलीज स्क्रिप्टने एल्फ जपून ठेवण्याआधी स्ट्रिप केली होती. स्क्रिप्ट माझीच. सोर्स होता, पुन्हा बिल्ड केलं, पण मधल्या काळात कंपाइलर बदलला होता आणि पत्ते सरकले होते. अ‍ॅडर२लाइनने मोठ्या आत्मविश्वासाने एका निर्दोष फंक्शनकडे बोट दाखवलं. दोन दिवस आम्ही त्या फंक्शनच्या मागे लागलो होतो.

आणि त्या स्ट्रिपने मिळवलं काय होतं? काहीच नाही. चिपमध्ये बिन जाते, आणि बिनमध्ये डीबग माहिती तशीही जात नाही. स्ट्रिप केलेल्या आणि न केलेल्या एल्फवरून दोन बिन बनवल्या आणि सीएमपीला तुलना करायला दिल्या. ती गप्प राहिली, म्हणजे एका बाइटचाही फरक नाही.

पीसीवरच्या किंवा लिनक्स बोर्डावरच्या प्रोग्रामसाठी मधला रस्ता आहे आणि तो याच ऑब्जकॉपीत आहे. आधी ओन्ली-कीप-डीबग या पर्यायाने डीबग माहितीची वेगळी फाईल काढायची. मग मूळ प्रोग्राममधून स्ट्रिप-डीबगने ती माहिती कमी करायची. मग अ‍ॅड-ग्नू-डीबगलिंकने प्रोग्राममध्ये त्या वेगळ्या फाईलचं नाव टाकायचं. नावासोबत त्या फाईलचा सीआरसी (चेकसमचाच एक प्रकार) हाही आत जातो, म्हणून डीबग फाईल आधी तयार असावी लागते, आणि दुसऱ्याच बिल्डची फाईल ठेवली तर जीडीबी हा डीबगर ती जुळत नाही असं सांगतो. गिऱ्हाइकाकडे लहान फाईल जाते, आपल्याकडे पाट्या राहतात.

त्या मे महिन्यानंतर आमच्याकडे प्रत्येक रिलीजची न सोललेली एल्फ, तिची मॅप फाईल (काय कोणत्या पत्त्यावर बसलं त्याची यादी) आणि कंपाइलरची आवृत्ती एका फोल्डरमध्ये जाते. फोल्डरचं नाव ऑफिसातल्या पोट्ट्यांनी “अडगळ” ठेवलं आहे. मागच्या महिन्यात सर्व्हरवरची जागा संपत आली तेव्हा एकाने विचारलं, “सर, हे उडवू का?” मी त्याला म्हटलं, चहा पी, नवी डिस्क मागव.