ज्या डोंगरावर चढायचं नाही

नाशिकजवळच्या अंजनेरी आणि ब्रह्मगिरी या डोंगरांवरच्या नियोजित रोपवेचा वाद मी इथे ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेडमध्ये बसून वाचतो. एकीकडे थकलेल्या भाविकांची सोय, दुसरीकडे अंजनेरीची गिधाडं. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. पण पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचा शब्द किती चालणार, हे फारसं कुणी विचारत नाही. उलुरूला जाऊन आल्यापासून मला ते जास्तच खटकतं.

ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, लाल वाळवंटात 348 मीटर उंच उभा असलेला हा एकच अखंड वालुकाश्म. घेर साडेनऊ किलोमीटरच्या आसपास. फोटोत तो गुळगुळीत दिसतो, जवळ गेलं की कळतं तो किती खडबडीत आहे. थर जवळजवळ उभे कललेले, म्हणून अंगभर पन्हाळ्या. मध्येच लाटेसारख्या वळलेल्या कपारी. लाल रंग म्हणजे नुसता वरचा गंज, आतला दगड राखाडी. मुटिजुलू पाणवठ्याजवळच्या कड्यावरच्या भेगा म्हणजे कुनिया या अजगर-स्त्रीने लिरू या विषारी सर्प-योद्ध्यावर घातलेल्या घावांच्या खुणा, असं इथले मूळ रहिवासी अनंगू लोक सांगतात. काही जागांचे फोटो काढू नका, अशा पाट्या आहेत. मी मोबाइल खिशात ठेवला. (शेजारच्या गृहस्थांनी नाही ठेवला. ते पुण्याचे होते, हा निव्वळ योगायोग.)

26 ऑक्टोबर 1985 ला ही जमीन अनंगूंना परत मिळाली, पण 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने ती लगेच सरकारकडे राष्ट्रीय उद्यानासाठी गेली. पर्यटकांना चढू द्यायचं, हीही सरकारची अट होती. अनंगू ‘चढू नका’ अशी विनंती करत राहिले. चढाई अखेर बंद झाली ती 26 ऑक्टोबर 2019 ला. म्हणजे मालकी मिळूनही आपला शब्द चालायला 34 वर्षं लागली! बंदीआधीच्या आठवड्यांत तर चढणाऱ्यांची रीघ लागली होती. चढून चढून कातळावर पडलेला फिकट पट्टा अजून दिसतो.

म्हणून ‘परदेशात बघा कसं असतं’ असं मी म्हणणार नाही. शेजारीच महागडी हॉटेलं आहेत आणि मुटिजुलू वस्तीत गरिबी आहे.

आणि पवित्र डोंगरावर सगळ्यांनी चढायचं नसतं, ही कल्पना आपल्याला नवी थोडीच आहे? सप्तशृंगीच्या शिखरावर कीर्तिध्वज लावायला दरेगावचं गवळी घराणंच जातं. बाकीचे भाविक खालूनच हात जोडतात. ही आपल्या स्वातंत्र्यावर गदा आहे, असं तिथे कुणी म्हणताना मी ऐकलं नाही. मग ब्रह्मगिरीच्या बाबतीतही पायथ्याच्या महादेव कोळी आणि ठाकर पाड्यांना खांबांच्या जागा ठरायच्या आधी विचारायला हवं, आणि ते ‘नको’ म्हणाले तर रोपवेचा आराखडा गुंडाळून ठेवायची तयारी हवी. नुसती जनसुनावणी उरकून ‘विचारलं’ म्हणता येणार नाही.